ऋतू नसलेला खोकला

दसरा उलटला की रायपूरची हवा पालटते. चार महिने भिजलेली जमीन सुकू लागते, शहराच्या वेशीबाहेर दूरवर पसरलेली धानाची शेते पिवळी पडतात, पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते आणि दुपारी मात्र पंखा लावावा लागतो. याच दिवसांत घराघरांतून लहान मुलांच्या शिंका ऐकू येऊ लागतात. जुन्या लोकांनी शरद ऋतूला वैद्यांची माता म्हटले, ते काही उगीच नव्हे. तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांतील मराठी घरांत या शिंकांना एक ठरलेले उत्तर असते : ‘हवा बदलली आहे, दुसरे काही नाही.’ मग तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम होते, तुळस आणि आले यांचा काढा उकळतो आणि मुलाच्या छातीला तेल चोळले जाते. बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही ठरते. प्रश्न उरतो तो ज्या वेळी ते बरोबर नसते त्या वेळेचा.

ही मराठी घरे येथे नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, त्याच्याही आधीपासून काही कुटुंबे छत्तीसगडात राहत आली. काही पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा यांच्या मागोमाग आली. १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे येणेजाणे तुटले नाही. माधवराव सप्रे यांचे नाव येथील शाळेला आहे, वामनराव लाखे यांचे वस्तीला. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी, अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाच्या आजाराची नावेही साहजिकच तीन भाषांतील असतात. मुलाचा श्वास भरभर होऊ लागला की आजी म्हणते, ‘पोट उडते आहे.’ शेजारीण म्हणते, ‘पसली चल रही है.’ भांडी घासायला आलेली बाई उंबऱ्यातूनच सांगते, ‘लइका के छाती घरघरावत हे.’ तिघींनी एकच गोष्ट पाहिलेली असते. एकीने पोट पाहिले, दुसरीने बरगड्या पाहिल्या, तिसरीने आवाज ऐकला. निरीक्षण म्हणून यात काहीच उणे नाही. वैद्यकाच्या पुस्तकात हीच तीन लक्षणे जरा कोरड्या भाषेत नोंदवलेली असतात.

दवाखान्याची पायरी चढल्यावर मात्र या साऱ्या नावांच्या जागी दोनच उरतात : अ‍ॅलर्जी आणि दमा. पहिले हलके, दुसरे जड. दम हा फारसीतून आलेला शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. दम धरावा, दम खावा, एखाद्याला दम भरावा. माणूस दमदार असावा, निदान बेदम तरी नसावा. पण याच शब्दाला एक काना लागला की घर गप्प होते. दमा म्हणजे ओट्यावर उशाला उशी रचून रात्र काढणारे आजोबा, दमा म्हणजे आयुष्यभराचे दुखणे, आणि मुलगी असेल तर दमा म्हणजे वीस वर्षांनी होणाऱ्या सोयरिकीत आजच पडलेला खडा. बाळदमा असा एक सौम्य शब्द मराठीत आहे खरा. त्यातला ‘बाळ’ भीती थोडी कमी करतो, पण दमा तेथेही राहतोच. याउलट अ‍ॅलर्जी हा शब्द आधुनिक, स्वच्छ आणि बिनधोक वाटतो. तो घडवला व्हिएन्नातील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने, १९०६ मध्ये; शरीराची बदललेली प्रतिक्रिया एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपला शब्द शंभर वर्षांनी काळजीत पडलेल्या आईबापांना आडोसा म्हणून उपयोगी पडेल, असे त्या गृहस्थाच्या मनातही आले नसेल.

ऋतूनुसार येणाऱ्या अ‍ॅलर्जीचे रूप तसे ओळखीचे आहे. तिचे ठाणे नाकात आणि डोळ्यांत असते. एकामागून एक शिंका, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, डोळ्यांना आणि टाळूला खाज. ताप नसतो. मूल तळहाताने नाकाचा शेंडा सतत वर ढकलत राहते आणि त्यामुळे काही मुलांच्या नाकावर एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली जागरण झाल्यासारखी काळसर छाया येते. स्राव घट्ट व पिवळा झाला, ताप आला, तर ते बहुधा साधे पडसे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. परागकणांची अ‍ॅलर्जी जडायला शरीराला ते कण काही हंगाम भेटावे लागतात, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलात ती क्वचितच दिसते. दीड वर्षाच्या बाळाच्या खोकल्याला ‘हंगामी अ‍ॅलर्जी’ म्हणताना थोडे थांबावे, ते याचसाठी.

या बाबतीत फुलांवर मात्र नाहक आळ येतो. फाल्गुनात रायपूरभोवतीचा पळस पेटतो, पाठोपाठ मोहाची फुले गळू लागतात, आणि सर्दी झालेल्या मुलाला आई झाडाखालून ओढून आणते. परंतु जी फुले रंगाने आणि गंधाने पाखरांना व कीटकांना बोलावतात त्यांचे पराग जड आणि चिकट असतात. ते हवेवर फारसे तरंगत नाहीत. वाऱ्याच्या भरवशावर जगणारी फुले दिसायला अगदी सामान्य असतात. गवतांची, रस्त्याकडेला माजलेल्या गाजरगवताची. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गाजरगवत पुढे साऱ्या देशात पसरले आणि छत्तीसगडही त्याला अपवाद राहिले नाही. ज्या फुलाकडे कोणी पाहत नाही तेच बहुधा नाकात शिरते. कापणीच्या दिवसांत यात मळणीची धूळ, ओल्या पेंढ्यावर वाढलेल्या बुरशीचे सूक्ष्म कण आणि खुंट जाळल्याचा धूर यांची भर पडते.

दम्याचे ठाणे खाली असते, फुप्फुसांतल्या बारीक श्वासनळ्यांत. त्या आतून सुजतात, भोवतालचे स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून शिट्टीसारखा आवाज येतो तो मुख्यतः श्वास सोडताना. बंद नाकाचा घोरल्यासारखा आवाज आणि हा आवाज यांत अनुभवी कानही कधी कधी फसतो. नाक मिठाच्या पाण्याने मोकळे केल्यावर आवाज गेला तर तो नाकाचा, राहिला तर छातीचा, ही साधी कसोटी अनेकदा उपयोगी पडते. दम्याचा खोकला कोरडा असतो, ढास लागल्यासारखा. मध्यरात्रीनंतर आणि पहाटे तो वाढतो. मूल धावले, खदखदून हसले, रडले, की उबळ येते. पकडापकडीच्या खेळात ते इतरांच्या आधी पायरीवर येऊन बसते आणि कोणी विचारले तर कंटाळा आला असे सांगते. चार वर्षांच्या मुलाजवळ ‘छाती आवळते’ असे म्हणण्याइतकी भाषा नसते. काही मुले पोट दुखते असे सांगतात आणि औषध मिळते ते जंतांचे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. चार वर्षांची मुलगी, नोकरी करणारे आईबाप, आणि नात जिच्या कुशीत झोपते ती आजी. आईबाप मुलीला सकाळी आणि संध्याकाळी पाहतात. म्हणजे जेव्हा ती शिंकत असते तेव्हा. दवाखान्यातही ती दिवसाच जाते. तेथे ती टेबलावरची पेन्सिल उचलते, खुर्चीभोवती फिरते, आणि डॉक्टरांनी नळी लावली तर छाती स्वच्छ निघते. क्ष-किरणांच्या चित्रातही बहुधा काही सापडत नाही. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला यंत्रात जोराने फुंकायला सांगून श्वासनळ्यांची वाट मोजता येते. याहून लहान मुलाला ते नीट साधत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या हाती उरते ती विचारपूस. ते आईला विचारतात, बापाला विचारतात आणि दोघेही सर्दीबद्दल सांगतात. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजीकडे वळते. ‘माताजी, रात को खाँसी से उठती है क्या?’ आजी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत उत्तर देते, ‘उठती नहीं, उठके बैठती है.’

सारा फरक त्या एका क्रियापदात आहे. शिंकांनी हैराण झालेले मूल कुशी बदलते, तोंड उघडे टाकून पुन्हा झोपते. ज्याला हवा पुरत नाही ते उठून बसते, कारण बसल्याने छातीला जागा मिळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतील तमकश्वासाच्या वर्णनात हे नेमके आलेले आहे : आडवे होताच त्रास वाढतो, बसल्याने बरे वाटते, ढगाळ हवा, थंडी आणि पुरवैया वारा सोसत नाही. त्याच वर्णनात छातीतल्या आवाजाला घुर्घुरक म्हटले आहे. उंबऱ्यातून ‘घरघरावत हे’ म्हणणारी बाई आणि तो प्राचीन ग्रंथकार यांनी एकाच ध्वनीवरून शब्द बांधला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दोघांनीही कान दिला होता. नवल दुसऱ्या गोष्टीचे वाटते. चरकाच्या त्या वर्णनात घरघरीच्या अगोदर पीनस, म्हणजे पडसे, आलेले आहे. नाक आणि छाती त्याने वेगळी केलीच नाहीत.

युरोपातही आरंभ असाच झाला. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बोस्टॉक या वैद्याने दरवर्षी उन्हाळ्यात उद्भवणाऱ्या एका विकाराचे वर्णन वैद्यकसभेपुढे वाचले. रोगी तो स्वतःच होता आणि विकार वयाच्या आठव्या वर्षापासूनचा होता. हंगामी अ‍ॅलर्जीचे हे पहिले नीट वर्णन मानले जाते. पण त्याच्या शीर्षकात डोळे आणि छाती असे दोन्ही शब्द आहेत, आणि मजकुरात शिंकांबरोबर छाती आवळल्याची आणि श्वास अपुरा पडल्याचीही तक्रार आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लेनेक याने छातीचे आवाज ऐकण्याच्या नळीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कागदाची सुरळी करून छातीला लावण्याची कल्पना त्याला १८१६ मध्ये सुचली, ती लाकडाच्या ओंडक्याला कान लावून खेळणाऱ्या मुलांना पाहून, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला मुलांची चांगली पारख होती.

मार्सेल प्रूस्तची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. १८८१च्या वसंतात, वयाच्या नवव्या वर्षी, उपवनातून फिरून घरी येताना त्याला पहिला झटका आला, असा की बापाला मूल हातचे गेले असे वाटले. बाप आद्रियाँ प्रूस्त स्वतः नामांकित वैद्य होता. वसंत, पराग, शिंका आणि गुदमरणे हे सारे त्या मुलात एकत्र नांदत होते, आणि त्या काळच्या वैद्यकाने ते बरेचसे मज्जातंतूंच्या नावावर टाकले. दीड शतकानंतर निदान तेवढी चूक होऊ नये. आज वैद्यक मानते की नाकापासून श्वासनळ्यांपर्यंत अस्तर एकच आहे. दमा असलेल्या बहुसंख्य मुलांचे नाकही बिघडलेले असते, आणि नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पुढे दमा जडण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. अंगावर खाजरे चट्टे असतील, आईला किंवा बापाला दमा असेल, तर ती आणखी वाढते. ‘अ‍ॅलर्जी की दमा?’ या प्रश्नातला ‘की’ म्हणूनच पुष्कळदा फसवा ठरतो.

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. लहान मुलाची वाजणारी प्रत्येक छाती दम्याची नसते. अमेरिकेत टक्सन येथे जन्मापासून पाहिलेल्या मुलांचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एकतृतीयांश मुलांची छाती पहिल्या तीन वर्षांत केव्हा ना केव्हा वाजली होती. त्यांतल्या दहापैकी सहांची सहाव्या वर्षी वाजत नव्हती. बारीक नळ्यांच्या मुलाला साध्या विषाणूच्या सर्दीनेही घरघर होते आणि नळ्या वाढल्या की ती थांबते. खेळता खेळता अचानक ठसका लागून छाती वाजू लागली तर वेगळाच संशय धरावा लागतो : शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा श्वासनळीत गेल्याचा. आणि जेथे ताप आहे, झोपलेल्या मुलाचे श्वास पुरे एक मिनिट मोजले असता एक ते पाच वर्षांच्या वयात चाळीस किंवा त्याहून अधिक भरतात, तेथे न्यूमोनियाचा विचार आधी. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर कोणत्याही नावाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रायपूरमध्ये या सगळ्यात आणखी एक गुंता आहे. अ‍ॅलर्जीला ऋतू असतो, असे म्हणण्यासाठी आधी हवेला ऋतू असावा लागतो. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. छत्तीसगड राज्य २००० साली झाल्यानंतर तेथे कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि पोलादाचे कारखाने झपाट्याने वाढले. सकाळी गच्चीवर अनवाणी फिरले की तळवे काळे होतात, हे येथल्या कोणत्याही गृहिणीला कोणाकडून ऐकावे लागत नाही. वाळत घातलेले पापड झाकावे लागतात, तुळशीची पाने धुऊन काढ्यात टाकावी लागतात. थंडीच्या रात्री हवा जड होऊन जमिनीलगत बसते आणि धूर तिच्याबरोबर खाली बसतो. धूळ आणि धूर ही श्वासविकाराची कारणे म्हणून चरकानेही नोंदली होती; त्याच्यासमोर बहुधा चुलीचा धूर असावा. आता ‘हवा बदलली आहे’ हे आजीचे उत्तर वेगळ्याच अर्थाने खरे होते. धानाची कापणी संपते, गवत वाळते, पौषात परागांचे दिवस ओसरतात, आणि तरीही मुलीचा रात्रीचा खोकला चालूच राहतो. ज्या खोकल्याला ऋतू नाही त्याला ऋतूचे नाव देऊन चालत नाही.

तरी ते दिले जाते. नाव हलके असले की औषधही हलके चालते. शिंका थांबवणारी गोळी नाकाला आराम देते, पण आवळलेल्या श्वासनळ्या तिने सुटत नाहीत. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेली औषधी खीर दम्याच्या रोग्यांना देण्याची प्रथा मध्य आणि उत्तर भारतात अनेक ठिकाणी आहे. मृगाच्या दिवशी हैदराबादला जिवंत माशाबरोबर औषध गिळायला माणसे रांगा लावतात. दमा आपल्या स्वभावानेच कधी चढतो, कधी उतरतो. उताराचे श्रेय त्या दिवशी जे घेतले असेल त्याला मिळते. या श्रद्धांची चेष्टा करण्याचे कारण नाही. चेष्टा करावी तर ती ‘पंपाची सवय लागते’ या समजाची. त्याने जितकी मुले रात्री उठवून बसवली आहेत तितकी खिरीने नक्कीच नाहीत. नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे गोड औषध चमचाभर पाजले तर पोटात दोन मिलिग्रॅम जातात. पंपाच्या एका फवाऱ्यात असतात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग, आणि तोही थेट जेथे हवा तेथे. लहान मुलासाठी पंपाला स्पेसर नावाची पोकळ नळी आणि तोंडावर बसणारा मास्क जोडतात. मूल साधा श्वास घेत राहते आणि औषध आत जाते. सूज कमी करणारे दुसरे औषध रोज, अगदी अल्प प्रमाणात, द्यावे लागते. पाच वर्षांखालील मुलात निदानाची वाटही पुष्कळदा हीच असते : दोन-तीन महिने औषध देऊन पाहायचे, मग थांबवून पाहायचे, आणि दोन्ही वेळचा फरक लिहून ठेवायचा.

लिहिण्याचे काम त्या घरात आजीकडे येते, कारण रात्र तिच्या वाट्याची. दुधाच्या हिशेबाच्या वहीत ती दोन रकाने पाडते. एकावर ‘नाक’ लिहिते, दुसऱ्यावर ‘रात्र’. तिच्या तिथी मराठी महिन्यांच्या. कार्तिकात दोन्ही रकाने फुल्यांनी भरलेले. मार्गशीर्षात नाकाच्या फुल्या विरळ होतात, पौषात संपतात. रात्रीच्या तशाच राहतात, कधी एक, कधी तीन, आणि एका रात्रीपुढे ‘बसून काढली’ एवढेच. डॉक्टर ते पान बराच वेळ पाहतात. पंप पौष वद्य पंचमीला सुरू होतो. सूनबाई पहिले दोन दिवस स्पेसर पाहुण्यांच्या नजरेआड कपाटात ठेवते. नंतर तो धुऊन न्हाणीघराच्या खुंटीला उलटा टांगलेला दिसू लागतो. माघाच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या रकान्यात आजीने नुसत्या रेघा ओढल्या आहेत. त्याच्याच खाली, त्याच पेन्सिलीने, दूधवाल्याकडून यायचे चार रुपये मांडून ठेवले आहेत.